दवाखाना उघडतो तेव्हा

खेड्यात नवा दवाखाना उघडावयाचा असला म्हणजे तो दिवस कसा साजरा होतो, हे शहरातल्या मंडळींनी बहुधा वर्तमानपत्रातल्या छायाचित्रावरूनच पाहिलेले असते. फीत, कात्री, फेटे बांधलेले पाहुणे, त्यांच्यामागे दाटीवाटीने उभे राहिलेले चार पुढारी, आणि अगदी कडेला, अर्धी कापली गेलेली परिचारिका. खाली दोन ओळींचा मजकूर. पान उलटले की विषय संपला. पण त्या चौकटीच्या बाहेर जे असते ते अधिक पाहण्यासारखे असते. आदल्या दिवशी बायांनी पुढले अंगण सारवून ठेवलेले असते. दारावर आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण असते. शाळेची पोरे लेझीम घेऊन वेशीपर्यंत पाहुण्यांना आणावयास गेलेली असतात, आणि पाहुणे नेहमीप्रमाणे दोन तास उशिरा आल्यामुळे उन्हात कोमेजून परतलेली असतात. इमारतीसाठी आपल्या शेताचा तुकडा देणारा कोणी शेतकरी मांडवाच्या खांबाला टेकून उभा असतो. भाषणांत त्याचे नाव घ्यावयाचे राहून गेले तरी त्याची नजर त्या नव्या भिंतीवरून हलत नाही.

शहरात आम्ही कधी इस्पितळाच्या दारात लेझीम खेळलो आहोत काय? आपल्या पेठेत नवे रुग्णालय निघाले तर आपण फार तर तेथल्या खोलीचे भाडे विचारतो आणि पुढे जातो. खेड्यातल्या या उत्साहाकडे पाहून आपल्याला जे हसू येते त्याच्या मुळाशी हा फरक आहे. आपल्याला डॉक्टर कोपऱ्यावर मिळतो. त्यांना तो कोसांच्या हिशेबाने मिळतो. आणि कोस हे दिवसाचे एक असतात, रात्रीचे दुसरे, पावसाळ्यातले तर तिसरेच. अडलेल्या बाईला खाटेवर घालून चार गड्यांनी खांद्यावर उचलायची, ओढ्याला पाणी असेल तर ते ओसरेपर्यंत अलीकडल्या काठावर बसून राहावयाचे, मग रस्ता, मग वाहनाची वाट. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर बाई दोन तासांच्या आत दगावू शकते, असे वैद्यकशास्त्र सांगते. ज्या गावाने हे दोन तास मोजलेले आहेत ते गाव दवाखाना उघडला म्हणून नाचते, यात भाबडेपणा काही नाही.

तेव्हा त्या दिवसाच्या आनंदाविषयी आम्हांला शंका नाही. शंका आहे ती वेगळीच. फीत कापली गेली, कुलूप निघाले, म्हणजे दवाखाना उघडला असे होते काय? आमच्या मते तो त्या दिवशी फक्त अर्धा उघडतो. गावातली एखादी बाई आपल्या दोन दिवसांच्या पोराला पदराखाली घेऊन, कोणी न सांगता, न भिता, त्या दारात येते तेव्हा तो पुरता उघडतो. या दोन घटनांच्या मध्ये कधी महिना जातो, कधी दहा वर्षे जातात, आणि काही ठिकाणी दुसरी घटना घडतच नाही. ती कशाने घडते आणि कशाने अडते, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दवाखाना नव्हता तेव्हा गावात आजाऱ्याकडे कोणी पाहतच नव्हते, असे नाही. सुईण होती. हाक मारली की रात्री-अपरात्री कंदील घेऊन ती येत असे, पाठ चोळीत असे, धीर देत असे, बाळाला न्हाऊ घालीत असे आणि पुढे बारा दिवस येत राहत असे. मोबदला म्हणजे एखादे लुगडे, खण आणि पायलीभर धान्य. वैदू होता, हाड बसवणारा होता, भगत होता. सुईणीला रक्तस्राव थांबवता येत नव्हता. विळ्याने नाळ कापली तर बाळाला धनुर्वात होऊ शकतो, हे तिला कोणी समजावून सांगितले नव्हते. तिच्या हातून किती जीव गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. हे सगळे खरे आहे. पण ती गावची होती, बोलावल्यावर येत होती आणि रागावत नव्हती. नव्या दवाखान्याला झगडावयाचे असते ते रोगाशी, तसेच सुईणीच्या या तीन गुणांशीही. ज्या दवाखान्यात बाळंतिणीवर वसकन ओरडले जाते तेथे उत्तम औषधे असूनही बाया का जात नाहीत, याचे कोडे सरकारी अहवालांना पडते. गावातल्या कोणत्याही सासूला पडत नाही.

आता थोडा इतिहास. खेड्यात डॉक्टर कसा पोहोचवावा याचा पहिला सर्वंकष आराखडा आपल्या देशात भोर समितीने केला. सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ मध्ये नाशिकला झाला. सनदी नोकरीत त्यांनी मोठी पदे भूषविली. त्यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९४३ मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल १९४६ मध्ये बाहेर आला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि उपचार लोकांच्या घराच्या जितक्या जवळ नेता येतील तितके न्यावेत, हा त्या अहवालाचा गाभा होता. चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक केंद्र, त्यात दोन डॉक्टर, परिचारिका, सुइणी, स्वच्छता निरीक्षक, असा त्यांचा निकटचा आराखडा होता. दूरचा आराखडा तर याहून पुष्कळच मोठा होता. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली आणि तिच्या पोटी प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. पण जे केंद्र चाळीस हजारांसाठी योजले होते त्याच्या वाट्याला लाखाच्या घरातली वस्ती आली. एका पंगतीचा स्वयंपाक करून तीन पंगती उठवावयाच्या, तसे झाले.

दहा वर्षांनी मुदलियार समितीने आपला अहवाल दिला. तिचा एक सल्ला आम्हांला फार मोलाचा वाटतो: नवी केंद्रे काढण्याआधी जी काढली आहेत ती नीट बळकट करा. हा सल्ला कोणाला आवडणार? नव्या केंद्राला कोनशिला असते, तीवर नाव कोरता येते. जुन्या केंद्राचे गळके छप्पर शाकारले म्हणून कोठे कोनशिला बसवल्याचे आम्ही ऐकलेले नाही. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ही केंद्रे त्यांच्याकडे आली, म्हणजे कारभार निदान जिल्ह्याच्या गावापर्यंत खाली उतरला. पुढे मापदंड घट्ट होत गेले. आज मैदानी भागात तीस हजार आणि आदिवासी व डोंगरी भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्याच्याखाली अनुक्रमे पाच हजार व तीन हजारांमागे एक उपकेंद्र, असा हिशेब आहे. २०१८ पासून यांपैकी अनेकांना आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणू लागले. २०२३ मध्ये त्यांचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झाले. पाटी रंगवणाऱ्याला काम मिळाले. गाव मात्र अजून त्याला दवाखानाच म्हणते.

या इमारतीत नेमके काय असते? तपासणीची खोली, औषधांची खिडकी, चार-सहा खाटा, बाळंतपणाची खोली, हे सर्व पाहुण्यांना दाखवले जाते. पण कोपऱ्यात एक पांढरी पेटी असते, तिच्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. आमच्या मते प्राथमिक आरोग्य केंद्राचा जीव त्या पेटीत आहे. तिला आयएलआर म्हणतात. दिसावयास ती आइस्क्रीमच्या दुकानातल्या पेटीसारखी, झाकण वरून उघडणारी. तिच्या भिंतींना आतून बर्फाचे अस्तर असते, म्हणजे वीज गेली तरी काही तास थंडी टिकते. हिच्यात मुलांच्या लसी असतात. त्या २ ते ८ अंश सेल्सिअस या पट्ट्यातच राहिल्या पाहिजेत. उष्णतेने लस बिघडते हे सर्वांना ठाऊक आहे. पण धनुर्वात, घटसर्प आणि कावीळ यांवरच्या लसी गोठल्यानेही निकामी होतात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. औषध बर्फाला टेकले, गोठले, पुन्हा पातळ झाले, तर बाटली वरून जशीच्या तशी दिसते, आणि टोचलेल्या मुलाला मात्र संरक्षण मिळालेले नसते. म्हणून त्या पेटीतला तापमापक सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा वाचावयाचा आणि आकडा वहीत लिहावयाचा, रविवारीसुद्धा. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका बर्फाच्या वड्या घातलेल्या डब्यात लसी घेऊन उपकेंद्रावर आणि वाड्यावस्त्यांवर जाते.

आता विचार करा. उद्घाटनाच्या दिवशी ती पेटी नवी कोरी असते. दुसऱ्या वर्षी विजेचे बिल थकते, तिसऱ्या वर्षी जनित्राला डिझेल नसते, तापमानाची वही एका बैठकीत पंधरा दिवसांची भरून टाकली जाते. इमारत उभी आहे, पाटी उभी आहे, मुलांना सुया टोचल्या जात आहेत, आणि दवाखाना मिटलेला आहे. शहरातल्या दानशूर मंडळींना येथे एक सांगावेसे वाटते. खेड्यातल्या दवाखान्याला देणगी द्यावयाची झाली की आपला हात खोल्यांकडे वळतो, कारण खोलीवर आईवडिलांचे नाव लावता येते. एखाद्याने जनित्राच्या दहा वर्षांच्या डिझेलला आईवडिलांचे नाव देऊन पाहावे.

यंत्राची ही गोष्ट झाली. माणसाची याहून अवघड. केंद्रात डॉक्टर नेमलेला असणे आणि डॉक्टर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर असला म्हणजे काय होऊ शकते याचे एक उदाहरण कोकणातले आहे. १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाचा दंश हा मृत्यूचा निरोप समजला जाई, विशेषतः मुलांच्या बाबतीत. इस्पितळात आणलेल्या गंभीर रोग्यांपैकीही शेकडा तीस-चाळीस दगावत. पुस्तकांत त्यावर फारसे काही नव्हते. बावस्कर रोग्याच्या खाटेशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी करीत राहिले. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि शेवटी फुफ्फुसांत पाणी भरून रोगी जणू कोरड्या जमिनीवर बुडतो, हे चित्र त्यांना या नोंदींतून दिसले. मग त्यांनी प्रॅझोसिन हे औषध वापरून पाहिले. ते मुळात रक्तदाबावरचे, स्वस्त, गोळीच्या रूपात मिळणारे. मृत्यूचे प्रमाण शेकडा एक-दोनच्या आसपास उतरले. १९८६ मध्ये हे काम लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाड-पोलादपूरकडच्या माणसाला लॅन्सेट ठाऊक असण्याचे कारण नाही. विंचू चावला तर मुलाला कोठे न्यावयाचे, हे मात्र त्याला ठाऊक झाले. हे दुसरे उद्घाटन.

पण प्रत्येक केंद्राला बावस्कर मिळणार नाहीत, आणि मिळाले तरी ते केंद्रात बसलेले असणार; आजारी माणूस पाच कोसांवर आपल्या घरात. मग दवाखान्याने घरापर्यंत जावयाचे कसे? या प्रश्नाशी जामखेडला जी झटापट झाली ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य परदेशातील शिक्षण संपवून १९७० मध्ये त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात आले. दवाखाना काढला, गर्दीही झाली. परंतु गावोगावची मुले जुलाबाने मरत होती ती मरतच राहिली, कारण ती दवाखान्यापर्यंत येतच नव्हती. तेव्हा त्यांनी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत राहावयास पाठवून पाहिल्या. तो बेत फसला. एकटी परकी तरुण बाई खेड्यात कोठे राहणार, कोणाच्या आधाराने राहणार, आणि गावातल्या बाया तिचे का ऐकणार? मग गावातलीच बाई निवडावयाची असे ठरले. बहुधा निरक्षर, अनेकदा दलित, संसाराचे चटके सोसलेली. तिला शिकवले. सुरक्षित बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी. जिला काल विहिरीला शिवू दिले जात नव्हते तिच्या हातात आज गावची बाळे आली. गावाने हे सहज मानले नाही, हे सांगावयास नकोच. १९७२-७३ च्या दुष्काळात अन्नछत्रे आणि कूपनलिका यांच्या निमित्ताने बरेच बंध सैल झाले. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये तेथे हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत जात होती. दोन दशकांनंतर हा आकडा पंचविसाच्या खाली आला होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी आल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेची सनद मान्य केली होती, आणि त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या उदाहरणांत जामखेड होते.

जामखेडने घराकडे जाण्याची वाट दाखवली. तरी एक प्रश्न उरतोच: ज्या दुखण्याला इस्पितळावाचून गत्यंतर नाही त्यासाठी लोकांनी इस्पितळात का यावे? हा प्रश्न लोकांनाच विचारण्याचे काम गडचिरोलीत झाले, आणि लोकांनी दिलेली उत्तरे कोणत्याही आरोग्य खात्याने भिंतीवर लावून ठेवावीत अशी आहेत.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. रान, धानाची शेती, मोहाची फुले, तेंदूची पाने, आणि गोंड-माडिया वस्ती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तेथे 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. सरकारी रुग्णालय होते, पण आदिवासी तेथे फारसे येत नव्हते. का येत नाही, असे गावोगाव विचारले. उत्तरे अशी मिळाली. तुमची इमारत एवढी मोठी की आत गेलेला माणूस हरवतो. तुमचे डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात; पांढरे कापड आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो. तुम्ही आजाऱ्याला आत ठेवता आणि आम्हां नातेवाइकांना बाहेर हाकलता. मग त्याच्याजवळ आपले कोण? आणि तुमच्या इस्पितळात देव नाही. देव नाही तेथे माणूस बरा कसा होईल?

ही उत्तरे ऐकून दोन गोष्टी करता येतात. लोक अडाणी आहेत असे टिपण लिहून फाईल बंद करता येते. किंवा नकाशा बदलता येतो. तेथे नकाशा बदलला. धानोरा तालुक्यातील चातगावजवळ शोधग्रामात १९९३ मध्ये जो दवाखाना उभा राहिला तो मोठ्या इमारतीचा नव्हता. आदिवासी पाड्यासारखा, झोपड्याझोपड्यांचा. रोग्याबरोबर नातेवाइकांनी राहावे, अशी सोय. आवारात दंतेश्वरी देवीचे देऊळ. दंतेश्वरी ही बस्तरची देवी, गोंडांची आई. दवाखान्याला नाव मिळाले ते तिचेच: माँ दंतेश्वरी दवाखाना. आता हा देवीचा दवाखाना म्हटल्यावर शहरातल्या विज्ञाननिष्ठ वाचकाच्या कपाळावर आठी पडेल, हे आम्ही जाणतो. त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की आत शस्त्रक्रिया होते ती भुलीचे औषध देऊन आणि निर्जंतुक हत्यारांनीच; अंगाऱ्यावर भागवले जात नाही. देवी दाराशी आहे. आत यावयाचे धैर्य तिच्यामुळे होते.

धैर्याची गरज किती होती ते दुसऱ्या एका कामावरून कळते. १९८९ मध्ये राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. शंभरात ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक दुखणी होती. त्यापूर्वी अशी तपासणी कधी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात आठ. म्हणजे दवाखाने होते, तालुक्याला डॉक्टर होते, आणि जवळजवळ प्रत्येक बाई आपले दुखणे अंगावर काढीत धानाची रोवणी करीत होती. पुरुष डॉक्टरला सांगावयाचे कसे, आणि सांगितले तरी आडोसा कोठे? एका पडद्याअभावी दवाखाना निम्म्या गावाला मिटलेला राहतो, ही गोष्ट आमच्या आराखड्यांत कोठे लिहिलेली सापडत नाही.

बाळांचे तर याहून बिकट. बाळंतीण आणि बाळ अंधाऱ्या खोलीत, बाहेरच्याची नजर पडू नये म्हणून. ही रीत गडचिरोलीचीच आहे असे नाही, आपल्या आज्यांच्या माजघरातही ती होती. अर्भकांच्या मृत्यूंपैकी फार मोठा वाटा पहिल्या महिन्यातला, आणि त्यातही पहिल्या आठवड्यातला. त्या आठवड्यात बाळ दवाखान्यात येणे शक्यच नव्हते. तेव्हा दवाखान्याने माजघरात जावे, असे ठरले. गावातल्या थोड्याबहुत शिकलेल्या बाया निवडल्या. त्यांना 'आरोग्यदूत' म्हटले. त्या बाळंतपणाच्या वेळी हजर राहत, न रडलेल्या बाळाला श्वास देत, अशक्त बाळाला उबदार पिशवीत ठेवीत, वजन करीत, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर घरातच इंजेक्शन देत. न्यूमोनिया ओळखण्यासाठी तर मणीमाळेचे एक साधन तयार केले होते. एक मिनिटाची वाळूची घडी, आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजावयाचा आणि औषध द्यावयाचे. दहापर्यंत मोजता येणाऱ्या सुईणीलाही हे जमत असे. लहान बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक वेळा श्वास घेऊ लागले तर तो धोक्याचा इशारा, हे शास्त्र त्या मण्यांत भरलेले होते. तिला आकडा पाठ करण्याची गरज उरली नव्हती.

३९ गावांत हे काम चालले, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली गेली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांच्या मृत्यूंचे प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी उतरले होते. १९९९ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, आणि २०११ पासून नवजात बाळाच्या घरी त्यांनी ठरलेल्या भेटी द्याव्यात असा नियम झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. सुईण बारा दिवस येत असे, हे वर आलेच आहे. आशाताई बेचाळीस दिवस येते, आणि तिच्या पिशवीत तापमापक व वजनकाटा असतो. तिला मिळणारा मोबदला मात्र लुगडे-खणाच्या काळापासून फार पुढे सरकला आहे असे म्हणवत नाही. तो बराचसा कामाच्या नगावर ठरतो, आणि त्यासाठी या बायांना अनेकदा जिल्ह्याच्या कचेरीपुढे उन्हात बसावे लागले आहे. उद्घाटनाच्या छायाचित्रात अर्धी कापली गेलेली बाई हीच, किंवा हिची थोरली बहीण.

आता पुन्हा त्या मांडवाकडे वळू. फीत कापून झाली, भाषणे झाली, पाहुणे जेवून गेले. संध्याकाळी चारच्या सुमारास गाव मोकळे होते. आम्हांला असे वाटते की खरा कार्यक्रम त्या वेळी सुरू करावा. गावातल्या सगळ्या बायांना, सासवांना, नव्या सुनांना आणि विशेषतः जुन्या सुईणीला, बाळंतपणाच्या खोलीत न्यावे. टेबल दाखवावे. पडदा ओढून दाखवावा. त्या पांढऱ्या पेटीचे झाकण उघडून आतली थंडी हाताला लागू द्यावी. रात्री दार कोणी उघडावयाचे, त्या माणसाचे घर कोणते, तो गावाला गेला तर कोण, हे सर्वांसमक्ष सांगावे. सुईणीला बाळंतिणीजवळ उभे राहण्याची मुभा आहे, असे डॉक्टरने स्वतःच्या तोंडाने म्हणावे. याला खर्च काही नाही, आणि यासाठी मंत्र्यांची तारीखही घ्यावी लागत नाही.

शोधग्रामात यासारखेच काही दरसाल होते. दंतेश्वरीची जत्रा भरते. गावोगावचे लोक देवीला येतात, नाचगाणे होते, आणि त्याच वेळी गावांचे प्रतिनिधी एकत्र बसून सांगतात की यंदा आम्हांला कोणत्या दुखण्याने गांजले. डॉक्टर ऐकतात. आदिवासी गावांनी तेथे पहिल्या क्रमांकाने नाव घेतले ते हिवतापाचे, आणि कामाचा क्रम त्याप्रमाणे लावावा लागला. जत्रेला येणारी माणसे बहुतेक धडधाकट असतात. ती नवस फेडतात, झोपड्यांमधून फिरतात, खाटेवर पडलेल्या ओळखीच्याला पाहतात, कोणत्या झोपडीत काय आहे ते एकमेकांना दाखवतात, आणि अंधार पडण्याच्या आत आपापल्या पाड्याच्या वाटेला लागतात.